ब्लाइंड विली मॅक्टेल: अनेक नावांचा, बारा तारांचा गायक

खर्ज (धागालेखक)

ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची गाण्याची शैली. तिच्यातल्या अंध गायकांची चरित्रे बहुधा एकाच साच्यात लिहिली जातात. जन्माचे दुर्दैव, रस्त्यावरचे गाणे, दारू, फसवणूक आणि मग विस्मृतीतला मृत्यू. ब्लाइंड विली मॅक्टेलला या साच्यात बसवायला गेले की त्याच्या आयुष्यातला निम्मा आणि अधिक रंजक भाग कापून टाकावा लागतो. तो अंध होता, गरीब होता आणि १९५९ साली फारसा गाजावाजा न होता वारला, हे सगळे खरे आहे. पण त्याखेरीज तो शाळेत शिकलेला, ब्रेल वाचणारा, एकट्याने हजारो मैल हिंडणारा आणि आपला व्यवसाय अत्यंत हिशेबीपणे चालवणारा कलावंत होता. मला त्याच्याविषयी लिहायचे आहे ते या दुसऱ्या बाजूने.

त्याचा जन्म अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, थॉमसन या गावाजवळ झाला. जन्मवर्ष काही ठिकाणी १८९८ तर काही ठिकाणी १९०१ किंवा १९०३ असे दिलेले आढळते. घराण्याचे आडनाव मॅक्टिअर असे होते, ते पुढे मॅक्टेल झाले. एका डोळ्याने तो जन्मापासूनच अंध होता आणि दुसऱ्या डोळ्याची दृष्टी बालपण सरता सरता गेली. आई-वडील दोघेही गिटार वाजवत, त्यामुळे वाद्य घरातच होते. लहानपणी आईबरोबर तो स्टेट्सबरो या गावी आला आणि तिथेच वाढला. १९२० साली आई वारली. त्यानंतर १९२२ पासून तो मेकन येथील अंधांच्या शाळेत शिकला. त्या काळच्या जॉर्जियात कृष्णवर्णीय मुलांसाठी तिथेही वेगळी व्यवस्था होती, हे लक्षात घ्यायला हवे. पुढे त्याने न्यूयॉर्क आणि मिशिगन येथील अंधशाळांतही काही काळ घालवला, ब्रेल वाचनात प्रावीण्य मिळवले आणि संगीताची ब्रेल लिपीही आत्मसात केली.

१९२०च्या दशकात तो ॲटलांटात स्थिरावला, तेव्हा त्याच्या हाती स्टेला या बनावटीची बारा तारांची गिटार होती. या गिटारीत तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीपेक्षा एक सप्तक वर लावलेली असते आणि वरच्या दोन जोड्यांतल्या तारा एकाच स्वरात असतात. परिणामी एकटा माणूस वाजवत असला तरी दोघे वाजवत आहेत असा भास होतो. रस्त्यावर, कोणत्याही ध्वनिवर्धकाशिवाय, मोटारींच्या आणि माणसांच्या गोंगाटात गाणाऱ्याला हा भरदार आवाज किती उपयोगी पडत असेल, हे सांगायला नको. ॲटलांटात बार्बेक्यू बॉब आणि त्याचा भाऊ चार्ली लिंकन हेही बारा तारांचे वादक होते, त्यामुळे या वाद्याचे श्रेय एकट्या मॅक्टेलला देता येणार नाही. मात्र बार्बेक्यू बॉबचा हात ठोकल्यासारखा जोरकस, तर मॅक्टेलची बोटे हलकी आणि चपळ. इतक्या जड वाद्यावर इतके नाजूक काम करणारा दुसरा वादक माझ्या ऐकण्यात नाही. आवाजही तसाच: किंचित अनुनासिक, स्वच्छ, उंच पट्टीचा, शब्द न गिळणारा.

१८ ऑक्टोबर १९२७ रोजी व्हिक्टर कंपनीच्या फिरत्या ध्वनिमुद्रण पथकाने ॲटलांटात त्याची पहिली चार गाणी ध्वनिमुद्रित केली. जवळपास वर्षभराने, १७ ऑक्टोबर १९२८ रोजी, ‘स्टेट्सबरो ब्लूज’ झाले. यानंतरची गंमत पाहण्यासारखी आहे. व्हिक्टरसाठी तो ब्लाइंड विली मॅक्टेल असताना १९२९ साली कोलंबियासाठी ‘ब्लाइंड सॅमी’ झाला, १९३१ साली ओकेसाठी ‘जॉर्जिया बिल’ झाला, १९३२ साली पुन्हा व्हिक्टरकडे गेला तेव्हा ‘हॉट शॉट विली’ झाला. कंपन्यांचे करार कलावंताला बांधून ठेवणारे असत, पण प्रत्येक तबकडीमागे एकदाच ठरावीक पैसे मिळणार असतील तर एकाच दारात बसून राहणे कोणाला परवडणार? त्याच्या तबकड्यांपैकी एकही मोठी खपाऊ ठरली नाही, तरीही एकामागून एक कंपन्या त्याला बोलावत राहिल्या. मंदीच्या काळात तबकड्यांचा धंदा जवळजवळ झोपला होता, तेव्हाही १९३३ साली तो कर्ली वीव्हर आणि बडी मॉस या गिटारवादकांबरोबर न्यूयॉर्कला जाऊन ध्वनिमुद्रण करून आला. १९३५ साली पत्नी केट आणि वीव्हर यांना घेऊन शिकागोला डेकासाठी गायला.

पण तबकड्या हे त्याचे पोटापाण्याचे मुख्य साधन कधीच नव्हते. ते होते रस्ता, तंबाखूची गोदामे, हॉटेले आणि खाद्यगृहांची आवारे. तंबाखूच्या लिलावाच्या हंगामात शेतकऱ्यांच्या हातात रोख पैसा असतो, तेव्हा गोदामांपाशी गायचे. थंडीत सुट्टीवर आलेले श्रीमंत लोक फ्लोरिडात असतात, तेव्हा दक्षिणेकडे सरकायचे. इतर वेळी ॲटलांटात ‘पिग अँड व्हिसल’ या बार्बेक्यू खाद्यगृहाच्या आवारात, मोटारीत बसून खाणाऱ्या गोऱ्या ग्राहकांसमोर त्यांची फर्माईश पुरवायची. म्हणूनच त्याच्या संग्रहात ब्लूज, रॅगटाइम, भक्तिगीते, जुनी आख्यानगीते आणि लोकप्रिय प्रेमगीते असे सर्व काही सापडते. त्याला केवळ ‘ब्लूज गायक’ म्हणणे ही तबकडी कंपन्यांनी केलेली सोय आहे.

---

तिठा

उत्तम धागा. मला ‘स्टेट्सबरो ब्लूज’ प्रथम माहीत झाले ते ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडच्या १९७१ सालच्या, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातील मैफलीच्या ध्वनिमुद्रणामुळे, आणि बहुतेकांचे असेच होत असावे. ड्वेन ऑलमनच्या स्लाइडचा (बोटात नळी घालून ती तारांवर घसरवत वाजवण्याचा) तो सुरुवातीचा चीत्कार इतका प्रसिद्ध आहे की मूळ गाण्यात स्लाइड मुळीच नाही, हे ऐकल्यावर विश्वास बसत नाही. मूळ गाणे बोटांनी वाजवलेले, सुटसुटीत आणि थोडे खेळकर आहे. स्लाइडचा मार्ग ताज महाल हे नाव घेतलेल्या अमेरिकन गायकाच्या १९६८ सालच्या पहिल्या अल्बममधून आला, त्यात जेसी एड डेव्हिसने ती वाजवली होती आणि ऑलमनने प्रेरणा तिथून घेतली. म्हणजे आज जगाला जे ‘मॅक्टेलचे गाणे’ म्हणून ठाऊक आहे, त्यातला सर्वांत ओळखीचा भाग मॅक्टेलचा नाहीच.

मॅक्टेल स्लाइड वाजवत नसे असे मात्र कोणी समजू नये. १९२७ सालचे ‘ममा, ’टेंट लाँग फो’ डे’ ऐकावे. त्यात स्लाइड गायकाच्या ओळीमागोमाग, जवळजवळ त्याच्याच आवाजात, वाक्य पूर्ण करत जाते.

---

वाचनवेडी

लेख आवडला, पण एक शंका विचारते. एक इंद्रिय गेले की दुसरे आपोआप तीक्ष्ण होते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ब्लूजमध्ये ब्लाइंड लेमन जेफरसन, ब्लाइंड ब्लेक, ब्लाइंड विली जॉन्सन, रेव्हरंड गॅरी डेव्हिस अशी एवढी मोठी अंध वादकांची परंपरा आहे, ती या समजुतीला पुष्टी देत नाही का?

---

खर्ज

वाचनवेडी, मला या परंपरेचे कारण कानांपेक्षा पोटात अधिक दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय माणसासमोर शेतमजुरी, लाकूडतोड, रेल्वेची कामे, खाणी असे जे कष्टाचे पर्याय होते, ते अंध माणसाला बंद होते. भीक मागणे किंवा गाणे एवढेच उरत असे, आणि ज्याला गाता येत होते त्याने गाण्याचे कसब तासन्‌तास, वर्षानुवर्षे घासले. डोळस वादक दिवसभर कापूस वेचून रात्री गिटार हाती घेत असे, तर अंध वादकाचा दिवसच गिटारीवर जात असे. एवढा सराव झाल्यावर हात तयार होणारच.

दुसरा भाग बाजाराचा. ब्लाइंड लेमन जेफरसनच्या तबकड्या १९२६ पासून पॅरामाउंटने काढल्या आणि त्या भरपूर खपल्या. त्यानंतर इतर कंपन्या तशाच गायकांच्या शोधात निघाल्या आणि ‘ब्लाइंड’ हा शब्द तबकडीच्या लेबलावर जाहिरातीसारखा छापला जाऊ लागला. मॅक्टेलच्या बाबतीत तर हा शब्द कधी लावला, कधी काढला, असे दिसते: ‘जॉर्जिया बिल’ आणि ‘हॉट शॉट विली’ यांना अंधत्व नाही.

---

जॉर्जियाकर

मी अनेक वर्षे जॉर्जियात राहतो म्हणून थोडी भर घालतो. थॉमसन हे गाव ॲटलांटा आणि ऑगस्टा यांना जोडणाऱ्या आय-२० महामार्गालगत आहे. तिथे मॅक्टेलच्या नावाने संगीत महोत्सव भरतो आणि गावाच्या दक्षिणेला जोन्स ग्रोव्ह चर्चच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. ॲटलांटात तर ‘ब्लाइंड विलीज’ नावाचा ब्लूज क्लबच आहे. ॲटलांटा ते थॉमसन हे अंतर मोटारीने सरळ रस्त्यावरून कापतानासुद्धा कंटाळा येतो. मॅक्टेल मात्र बस आणि आगगाडीने, हातात बारा तारांची गिटार घेऊन, वाटेत गाड्या बदलत, हॉटेलांच्या पायऱ्या शोधत हे सगळे राज्य पालथे घालत होता, ही गोष्ट नकाशा पाहिल्यावर अधिक कळते.

---

खर्ज

जॉर्जियाकर, आभार. त्याच्या वाट ओळखण्याच्या क्षमतेविषयी एक प्रसंग नोंदवलेला आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स आणि त्यांची पत्नी रूबी ॲटलांटात आले होते. ‘पिग अँड व्हिसल’च्या आवारात गिटार घेतलेला माणूस रूबीबाईंच्या नजरेस पडला. लोमॅक्स दांपत्य त्याला मोटारीतून हॉटेलकडे घेऊन निघाले, तेव्हा कुठे वळायचे, पुढे दिवा कुठे आहे, हे मागे बसलेला अंध माणूसच त्यांना सांगत होता.

हॉटेलच्या खोलीत सुमारे दोन तास ध्वनिमुद्रण झाले आणि ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे. गाण्यांइतक्याच त्यातल्या गप्पा ऐकण्यासारख्या आहेत. लोमॅक्स त्याला विचारतात की, कृष्णवर्णीयांच्या हालअपेष्टांविषयीची, तक्रारीची काही गाणी तुला येतात का. मॅक्टेल सांगतो, तशी गाणी आता नाहीत. लोमॅक्स पुन्हा विचारतात, एका गाण्याचे नावच घेतात. मॅक्टेल पुन्हा नाही म्हणतो आणि गोरे लोक आपल्याशी चांगलेच वागतात, अशा अर्थाचे काहीतरी बोलतो. मग लोमॅक्स विचारतात, तू इतका अस्वस्थ का दिसतोस, सारखी चुळबूळ का करतोस? तेव्हा तो म्हणतो, काल रात्री मोटारीचा अपघात झाला, त्याने अंग जरा हादरले आहे.

अपघात खरेच झाला असेल. तरीही १९४० साली, ॲटलांटातल्या हॉटेलच्या खोलीत, समोर ध्वनिमुद्रण यंत्र चालू असताना, एका गोऱ्या अनोळखी माणसासमोर कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्यांविषयीची तक्रार गाऊन दाखवावी ही अपेक्षा लोमॅक्स यांनी केली कशी, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण बोलण्याची किंमत त्या खोलीत कोणाला मोजावी लागणार होती, हे मॅक्टेलला कळत होते.

---

गिटारवाला

धागालेखकाशी थोडा मतभेद आहे. ‘हिशेबी व्यावसायिक’ हे चित्र आकर्षक आहे, पण ते ओढून ताणून फार पुढे नेले तर वर्णभेद आणि दारिद्र्य हे केवळ पार्श्वभूमीचे पडदे ठरतात. तुम्ही सांगितलेल्या लोमॅक्स प्रसंगातूनच हे दिसते की, त्याचे चातुर्य ही स्वेच्छेने निवडलेली शैली नव्हती, तर जिवंत राहण्याची अट होती. तीन कंपन्यांसाठी चार नावांनी गाणारा माणूस चतुर असतो, हे मान्य. पण या कंपन्यांनी मिळून त्याला एक घर बांधण्याइतकेही दिले नाही, हेही त्याच कथेत यायला हवे.

आणखी एक. त्याच्या गाण्यांकडे पाहताना आदरापोटी डोळेझाक नको. ‘सदर्न कॅन इज माइन’ हे १९३१ सालचे गाणे वाद्याच्या अंगाने अप्रतिम आहे, पण त्यात बाईला मारहाण करण्याची धमकी आहे आणि ती हसतखेळत दिलेली आहे. व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकन रॉक जोडीने २००० साली ‘डे स्टाइल’ या अल्बममध्ये हे गाणे पुन्हा केले आणि तो अल्बम मॅक्टेलला अर्पणही केला. एवढ्या मोठ्या संग्रहातून नेमके हेच का निवडले, कोण जाणे.

---

खर्ज

गिटारवाला, पहिला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, फक्त मी त्यातून वेगळा निष्कर्ष काढतो. अट लादलेली होती म्हणून तिच्या आत त्याने केलेले काम कमी कौतुकाचे ठरत नाही. उदाहरण म्हणून १९२९ सालचे ‘ट्रॅव्हलिन ब्लूज’ घ्या. त्यात तो गातो कमी आणि बोलतो जास्त. गिटार आगगाडीच्या चाकांचा ठेका धरते, मध्येच घंटा वाजवते, शिट्टी देते. गोष्ट सांगणारा माणूस इंजिनचालकाला विनवतो की मला गाडीत घ्या, आणि चालक म्हणतो, माझी हरकत नाही रे, पण ही गाडी माझी नाही. हे सगळे तीन-सव्वातीन मिनिटांत, एका माणसाने, एका वाद्यावर, एका बैठकीत केलेले आहे. त्यात फुकट प्रवास करू पाहणाऱ्या गरिबाची लाचारी आहे, चालकाचीही लाचारी आहे, आणि तरीही ऐकणारा हसतो. पदपथावर थांबलेल्या माणसाला पुढे जाऊ न देण्याची ही कला आहे, आणि ती त्याने घडवलेली आहे.

दुसऱ्या मुद्द्याबाबत वाद नाही. ते गाणे मी वादनासाठी ऐकतो आणि अस्वस्थ होतो.

---

वाचनवेडी

केट मॅक्टेलविषयी कोणी अधिक सांगेल का? डेकाच्या तबकड्यांवर तिचा आवाज ऐकू येतो, पण लेखात ती एका वाक्यात येऊन गेली.

---

तिठा

रूथ केट विल्यम्स आणि मॅक्टेल यांचा विवाह १९३४ साली झाला. ती त्याच्याबरोबर रंगमंचावर नाचत आणि गात असे. पुढे तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ऑगस्टाजवळच्या फोर्ट गॉर्डन या लष्करी तळावर नोकरी केली. तो ॲटलांटात आणि प्रवासात, ती ऑगस्टात, असा संसार होता आणि पुढे तो विरतच गेला. तिने १९७०च्या दशकात संशोधकांना दीर्घ मुलाखती दिल्या नसत्या, तर मॅक्टेलच्या खासगी आयुष्याविषयी आपल्याला फारच थोडे कळले असते. आपण जन्मजात भटके आहोत आणि मरेपर्यंत भटकणार, असे तो तिला सांगत असे. त्याच्या चरित्रकारांनी हे वाक्य आवडीने उद्धृत केले आहे. पण घर सांभाळून नोकरी करणाऱ्या केटला ते ऐकताना काय वाटत असेल, याकडे त्यांचे लक्ष कमी गेले आहे असे मला वाटते.

---

गिटारवाला

शेवटच्या दशकाविषयीही लिहावे. माझ्या मते तो भाग सर्वांत चटका लावणारा आहे.

---

खर्ज

लिहितो. १९४९ साली ॲटलांटिक कंपनीच्या अहमेत एर्टेगुनला तो ॲटलांटाच्या रस्त्यावर धार्मिक गीते गाताना सापडला. आता आपण फक्त देवाची गाणी गातो, असे मॅक्टेलचे म्हणणे होते. अखेर वेगळे नाव लावण्याच्या अटीवर त्याने ब्लूजही गायले आणि तबकडी ‘बॅरलहाउस सॅमी’ या नावाने निघाली. पंधरा गाणी झाली, त्यातली दोनच तेव्हा बाहेर आली. बाकीची १९७२ साली ‘ॲटलांटा ट्वेल्व्ह स्ट्रिंग’ या अल्बममध्ये प्रसिद्ध झाली. माझ्या कानांना हे त्याचे सर्वांत परिपूर्ण ध्वनिमुद्रण वाटते, कारण यंत्रे सुधारली होती आणि त्याचा हात अजून उतरला नव्हता. याच सुमारास रीगल कंपनीसाठी त्याने कर्ली वीव्हरबरोबर गाणी केली आणि तिथे तो ‘पिग अँड व्हिसल रेड’ झाला. ज्या आवारात गाऊन पोट भरले, त्याचेच नाव लावले.

१९५६ साली एड रोड्स या ॲटलांटातल्या तबकडी दुकानाच्या व्यवस्थापकाने मक्याच्या दारूची बाटली देऊ करून त्याला दुकानात आणले आणि टेपवर गाऊन घेतले. या बैठकीत तो गाण्यांच्या मधोमध गप्पा मारतो, आठवणी सांगतो. ‘डायिंग क्रॅपशूटर्स ब्लूज’ हे गाणे गोळी लागून मेलेल्या एका जुगारी मित्राविषयी आहे आणि ते आपण १९२९ साली लिहायला घेऊन १९३२ साली पुरे केले, असे तो सांगतो. उत्स्फूर्त लोकगायक म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, तो एका गाण्यावर तीन वर्षे काम करत होता, याची नोंद घ्यावी. आपण इतरांकडून गाणी उचलतो पण मांडणी आपली असते, असेही तो म्हणत असे.

त्यानंतर तो ॲटलांटातल्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचने करू लागला. १९ ऑगस्ट १९५९ रोजी मिलेजव्हिल येथील सरकारी रुग्णालयात मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला.

त्याच वर्षी सॅम्युअल चार्टर्सचे ‘द कंट्री ब्लूज’ हे पुस्तक आले, जुन्या गायकांचा शोध सुरू झाला आणि १९६३-६४ पर्यंत मिसिसिपी जॉन हर्ट, स्किप जेम्स, सन हाउस असे वादक शोधून काढून त्यांना न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात उभे केले गेले. मॅक्टेल चार-पाच वर्षे अधिक जगला असता, तर तो त्यांच्यात सहज असता. कदाचित सर्वांत तयारीचा असता, कारण इतरांनी गिटार खाली ठेवून बरीच वर्षे लोटली होती आणि याने ती १९५६ पर्यंत तरी ठेवलेली नव्हती.

---

तिठा

बॉब डिलनने १९८३ साली मॅक्टेलच्या नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले, ते तेव्हाच्या अल्बममधून वगळले आणि शेवटी १९९१ साली प्रसिद्ध झाले. ते थोर गाणे आहे, पण त्यात मॅक्टेल जवळजवळ नाही; आहे तो दक्षिणेचा इतिहास. मॅक्टेलवरचे डिलनचे खरे प्रेम मला १९९३ सालच्या अल्बममध्ये दिसते, जिथे त्याने ‘ब्रोक डाउन इंजिन’ एकट्याच्या गिटारवर गायले आहे.

---

वाचनवेडी

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

---

खर्ज

१९४९ सालच्या ॲटलांटिकच्या गाण्यांपासून करावी, कारण त्यात खरखर कमी आहे आणि गिटारीच्या जोडतारा वेगळ्या ऐकू येतात. त्यानंतर ‘स्टेट्सबरो ब्लूज’, ‘ट्रॅव्हलिन ब्लूज’ आणि १९३१ सालचे ‘ब्रोक डाउन इंजिन ब्लूज’, याच क्रमाने. लोमॅक्सचे ध्वनिमुद्रण मात्र सलग, गप्पांसकट ऐकावे. १९३६ साली ऑगस्टात व्होकॅलियन कंपनीसाठी पियानो रेड या पियानोवादकाबरोबर केलेली गाणी मिळाली असती तर मी तीही सुचवली असती. ती कधीच प्रसिद्ध झाली नाहीत.